सुपरचार्जरचा बूस्ट अचूक कसा मोजायचा: कोल्हापूरच्या हवेचा हिशेब धरून

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंप, गॅरेजच्या भाषेत ब्लोअर. कोल्हापुरात तो असलेल्या गाड्या मोजक्याच आहेत. जग्वार आणि रेंज रोव्हरची व्ही-६, व्ही-८ इंजिनं, ऑडीचं जुनं ३.० टीएफएसआय, आणि सेकंडहँड बाजारात आता आवाक्यात आलेली मर्सिडीजची सी २०० कॉम्प्रेसर. गाड्या कमी, म्हणून त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्रीही कमी. त्यामुळे एक गोष्ट वारंवार दिसते. गेजवर जो आकडा दिसतो तो कुणी तपासत नाही, आणि त्याच्याच भरवशावर पुढचा खर्च ठरतो. बूस्ट, म्हणजे ब्लोअरने चढवलेला जास्तीचा दाब, पौंडभर (पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे पीएसआय) कमी दिसला की पट्टा बदलायचा, मग पुली, मग थेट ब्लोअरच खोलायचा.

आठ पौंडांच्या गाडीत एका पौंडाची चूक म्हणजे साडेबारा टक्के. एवढी चूक गेजच्या जोडणीतून सहज होते आणि तेव्हा गाडीत काहीही बिघडलेलं नसतं. म्हणून माझा आग्रह असा की आधी मोजणी तपासा आणि नंतरच गाडीला हात लावा. ते कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी बाहेरच्या हवेचा दाब

मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पोकळीतल्या, एकूण दाबातून बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की बूस्ट मिळतो. म्हणजे दोन आकडे लागतात. लोक एकच बघतात आणि दुसरा गृहीत धरतात. घोळ तिथून सुरू होतो.

समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी १०१.३ किलोपास्कल असतो. कोल्हापूर शहर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे तो ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. पावसाळ्यात आणि थंडीत एखादा किलोपास्कल इकडेतिकडे होतो, तेवढंच. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा आणि आपला फरक साधारण साडेसहा किलोपास्कल. गॅरेजच्या भाषेत, म्हणजे पीएसआयमध्ये, हा जवळजवळ १ पौंड झाला.

एककांचं गणित एकदा पक्कं करून घ्या. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजेच १४.५ पौंड. कारखान्यातल्या जुन्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर लिहिलेलं असतं. तो १ किलो म्हणजे ९८ किलोपास्कल किंवा १४.२ पौंड. बूस्ट गेजच्या डाव्या बाजूला, शून्याच्या खाली, बहुतेक वेळा पाऱ्याचे इंच असतात आणि उजवीकडे पौंड. १ इंच पारा म्हणजे ३.४ किलोपास्कल. दोन्ही बाजू एकाच मापाच्या समजून वाचल्या तर आकडा दुपटीने चुकतो.

मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये कोल्हापूरचा दाब १०१० हेक्टोपास्कल वगैरे दिसतो. तो आकडा इथे वापरायचा नाही. हवामान खाती दाब समुद्रसपाटीवर आणून छापतात, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता येते. तुमच्या गाडीच्या एअर फिल्टरपाशी तो दाब नसतो. बऱ्याच मोबाइलमध्ये स्वतःचा दाबाचा सेन्सर असतो. तो उघडून दाखवणारं अ‍ॅप घेतलंत तर ९४५ ते ९५५ हेक्टोपास्कलच्या दरम्यान काहीतरी दिसेल. तो खरा. दहाने भागला की किलोपास्कल.

आता याचा परिणाम बघा. सुपरचार्जर ढोबळमानाने दाबाचं गुणोत्तर ठरवतो. एखादी गाडी बाहेरचा दाब १.६ पट करते असं धरू. समुद्रसपाटीला १०१.३ चे १६२ होतील, म्हणजे बूस्ट जवळपास ६१ किलोपास्कल, ८.८ पौंड. तीच गाडी कोल्हापुरात ९५ चे १५२ करेल, म्हणजे बूस्ट ५७ किलोपास्कल, ८.३ पौंड. अर्धा पौंड कमी, आणि गाडी अगदी धडधाकट. परदेशातल्या कुणीतरी समुद्रकाठच्या शहरात मोजलेला आकडा डोळ्यांसमोर ठेवून आपल्या गाडीत दोष शोधायचा नाही. महाबळेश्वरला सुमारे १३५० मीटरवर हवेचा दाब ८६ किलोपास्कलपर्यंत उतरतो. तिथे हीच गाडी साडेसात पौंडही दाखवणार नाही.

गेज कोणता घ्यायचा

नळी थेट गेजच्या मागे येऊन काटा हलवणारा यांत्रिक गेज शून्याच्या बाबतीत सगळ्यात प्रामाणिक. त्याच्या आतल्या वाकड्या नळीला आतून मॅनिफोल्डचा दाब मिळतो आणि बाहेरून केबिनच्या हवेचा, त्यामुळे फरक तो आपोआप काढतो. पन्हाळ्यावर न्या नाहीतर गणपतीपुळ्याला, इंजिन बंद असताना काटा शून्यावरच हवा. अडचण दुसरीच आहे. मॅनिफोल्डची हवा, तीही पेट्रोलच्या वाफांसकट, नळीतून केबिनपर्यंत येते. नळी निसटली तर वास आणि धोका दोन्ही. कायमचा बसवायचा असेल तर मी यांत्रिक गेज सुचवत नाही. तपासणीपुरता तात्पुरता लावायला मात्र उत्तम.

इलेक्ट्रॉनिक गेजमध्ये सेन्सर इंजिनाजवळ राहतो आणि केबिनमध्ये फक्त वायर येते. यातले बहुतेक सेन्सर एकूण दाब मोजतात आणि बूस्ट काढण्यासाठी त्यातून काहीतरी वजा करतात. नेमकं काय वजा करतात, हे गेजच्या पत्रकात शोधा. काही गेज कायमचे १०१.३ वजा करतात. असा गेज कोल्हापुरात इंजिन बंद असतानाही उणे १ पौंड दाखवेल आणि पूर्ण बूस्टमध्येही पौंडभर कमीच सांगेल. काही गेज चावी फिरवल्या क्षणी जो दाब असेल तो शून्य धरतात. हे बरं, पण दोन पथ्यं पाळावी लागतात. चावी ‘ऑन’ करून दोन-तीन सेकंद थांबायचं आणि मगच स्टार्टर मारायचा, नाहीतर गेज शून्य धरेपर्यंत मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार झालेला असतो. दुसरं, कोल्हापुरात गाडी चालू करून आंबा घाट उतरून थेट रत्नागिरी गाठली आणि मध्ये चावी बंदच केली नाही, तर गेजचं शून्य कोल्हापूरचंच राहतं. किनाऱ्यावर तो जवळजवळ १ पौंड जास्त दाखवतो.

तिसरा मार्ग ओबीडी पोर्टचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचायच्या सॉकेटचा. ब्लूटूथचा डोंगल लावून मोबाइलवर मॅनिफोल्ड दाब वाचता येतो आणि तो कारखान्यातल्या सेन्सरचा असतो, म्हणून शक्य असेल तिथे मी तोही सोबत घेतो. त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. ओबीडीच्या मानकात हा नेहमीचा आकडा एका बाइटमध्ये येतो, त्यामुळे २५५ किलोपास्कलच्या वर जात नाही. कोल्हापुरात त्याचा अर्थ १६० किलोपास्कल, म्हणजे २३ पौंड बूस्ट, तेवढा बहुतेक सुपरचार्जर गाड्यांना पुरेसा आहे. पण आकडा पूर्ण किलोपास्कलमध्येच येतो, आणि स्वस्त डोंगलवर एका सेकंदात मोजक्याच नोंदी होतात. इंजिन झपाट्याने चढत असताना दोन नोंदींच्या मधलं शिखर निसटतं. अ‍ॅपमध्ये मॅनिफोल्ड दाब, आरपीएम आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एवढेच तीन आकडे निवडा. बाकी सगळे बंद केले की नोंदी दाट येतात. अ‍ॅपने स्वतः काढलेला ‘बूस्ट’ घेऊ नका, कच्चा दाब घ्या आणि वजाबाकी स्वतः करा. काही गाड्या फक्त हवेचा प्रवाह मोजतात, मॅनिफोल्डचा दाब ओबीडीवर देतच नाहीत. तिथे स्वतंत्र गेजला पर्याय नाही.

कुठल्याही पद्धतीची पहिली चाचणी एकच. इंजिन बंद, चावी ‘ऑन’. एकूण दाब दाखवणारा सेन्सर ९५ च्या आसपास हवा आणि मोबाइलच्या सेन्सरशी एक किलोपास्कलच्या आत जुळायला हवा. कोल्हापूरकरांना आणखी एक सोय फुकट मिळालेली आहे. पन्हाळ्यावर जाऊन हीच नोंद पुन्हा घ्या, आकडा तीन-चार किलोपास्कलने उतरायला हवा. कधी रत्नागिरीला गेलात तर तिथे साडेसहाने चढायला हवा. तिन्ही ठिकाणी मोबाइल आणि गाडीचा सेन्सर सोबत हलले तर सेन्सरच्या खालच्या टप्प्याबद्दल खात्री धरायला हरकत नाही.

जोड कुठून घ्यायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

बूस्ट मोजायचा तो इनटेक मॅनिफोल्डच्या मोठ्या पोकळीत. ब्लोअरच्या पुढे, इंटरकूलरच्या (दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पुढे, थ्रॉटलच्याही (एक्सलेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्याही) पुढे. सिलिंडरला जो दाब मिळतो तोच आपल्याला हवा आहे. ब्लोअरच्या तोंडाशी मोजलं तर इंटरकूलर आणि पाइपांमध्ये गळालेला दाबही मोजला जातो आणि आकडा फुगतो.

गाडीची मांडणी आधी ओळखा. जग्वार आणि ऑडीसारख्या इंजिनांत ब्लोअर इंजिनाच्या खाचेत बसतो आणि थ्रॉटल ब्लोअरच्या आधी असतं. सेंट्रिफ्यूगल (फिरत्या चक्राने हवा फेकणाऱ्या) सुपरचार्जरच्या किटमध्ये बहुधा उलट, थ्रॉटल शेवटी. पहिल्या मांडणीत थ्रॉटल आणि ब्लोअरच्या मधल्या जागेत कधीच बूस्ट नसतो. तिथे आयडलला (एक्सलेटर न दाबता इंजिन चालू असताना) व्हॅक्यूम असतो आणि पूर्ण थ्रॉटलला तो शून्याजवळ येतो. ब्लोअरच्या बायपास व्हॉल्व्हला (कमी भाराला हवा परत फिरवणाऱ्या झडपेला) जाणारी बारीक नळी अनेक गाड्यांत नेमकी याच जागेतून निघते. ती हाताशी असते, तोडायला सोपी असते, म्हणून फिटर तिथेच टी (तीन तोंडांचा जोड) मारतो. मग आयडलला काटा अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा व्हॅक्यूम दाखवतो, मालक खूश होतो, आणि एक्सलेटर दाबला की काटा शून्यापर्यंत येऊन थांबतो. पुढे जात नाही. अशी गाडी समोर आली की ब्लोअरला हात लावायच्या आधी ती नळी कुठून कुठे जाते ते बोटाने शेवटपर्यंत चाचपून बघा.

ब्रेक बूस्टरच्या नळीला टी मारू नका. त्या नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पलीकडे टी मारला तर गेज अडकलेला व्हॅक्यूम दाखवत राहतो. अलीकडे मारला तरी तो जोड सैल झाल्यावर ब्रेकवर परिणाम होतो. ब्रेकशी खेळ नको.

इंधन दाबाच्या रेग्युलेटरला जाणारी नळीही टाळा. पुष्कळ ठिकाणी हीच सुचवली जाते, कारण तिथे मॅनिफोल्डचा दाब खरोखर मिळतो. पण तिथली टी बूस्टमध्ये गळायला लागली की रेग्युलेटरला दाब कमी कळतो, इंजेक्टरला इंधन कमी मिळतं आणि पूर्ण भारावर मिश्रण पातळ होतं. पिस्टन जाळायला तेवढं पुरतं. क्रँककेसच्या श्वासनळीत आणि पेट्रोल टाकीच्या वाफांच्या नळीत व्हॉल्व्ह असतात, त्याही बाद.

मग उरतं काय? मॅनिफोल्डवर बंद करून ठेवलेला एखादा निप्पल किंवा आटे असलेलं बुच बहुतेक इंजिनांवर सापडतं. ते पहिलं शोधा. नाहीच मिळालं तर कारखान्याच्या मॅनिफोल्ड सेन्सरखाली बसणारा पातळ अडॅप्टर उद्यमनगरातल्या चांगल्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियममध्ये करून घेता येतो. ओ-रिंग मूळ मापाचीच हवी, एवढं त्याला बजावून सांगा. भोक पाडणं हा शेवटचा उपाय. त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवायचाच. ड्रिलला ग्रीस लावलं की चुरा आत जात नाही, असं सांगणारे भेटतील. माझं मत स्पष्ट आहे: वाल्वपर्यंत गेलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक कण मॅनिफोल्ड उतरवायच्या मजुरीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

भोक पाडलंच तर ते भिंतीला काटकोनात, दोन-अडीच मिलिमीटरचं, आणि आतल्या बाजूची ड्रिलने उठलेली कड पूर्ण घासून काढलेली हवी. निप्पल आत डोकावता कामा नये. वाहणारी हवा निप्पलच्या तोंडावर आपटली तर गेज दाबात वेगाचाही वाटा धरतो. बूस्टमधली दाट हवा सेकंदाला ६० मीटरने वाहत असेल तर ही चूक साधारण ३ किलोपास्कलची, म्हणजे अर्ध्या पौंडाच्या आसपास होते. तोंड प्रवाहाकडे पाठ करून असेल तर उलट कमी दिसतं. याच कारणासाठी एकाच सिलिंडरकडे जाणारी निमुळती नळी सोडून मोठ्या पोकळीत मोजायचं. तिथे हवा मंद असते.

नळी, वायर आणि अर्थिंग

नळी जितकी आखूड तितकी चांगली. चार मिलिमीटर आतल्या मापाची, जाड भिंतीची. पातळ सिलिकॉन नळी गरम झाल्यावर व्हॅक्यूममध्ये चपटी होते आणि काटा उशिरा हलतो. नायलॉनची कडक नळी जास्त भरवशाची, फक्त एक्झॉस्टपासून लांब ठेवा. प्रत्येक जोडाला क्लिप लावाच. व्हॅक्यूममध्ये नुसतीच बसवलेली नळी घट्ट वाटते, पण बूस्टमध्ये तीच निसटते.

रूट्स पद्धतीच्या (दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणाऱ्या) ब्लोअरमध्ये दाब ठोक्याठोक्याने येतो, त्यामुळे काटा थरथरतो. नळीत एक मिलिमीटर भोकाचा अडसर घातला की काटा शांत होतो. त्याहून बारीक भोक नको, तेलकट मळाने ते भरतं आणि काटा इंजिनाच्या मागे रेंगाळतो.

सेन्सर मॅनिफोल्डपेक्षा वर, तोंड खाली करून बसवा, म्हणजे तेल आणि पाणी त्यात साचणार नाही. त्याची अर्थिंगची वायर बॉडीच्या कुठल्याही बोल्टला न जोडता गेजच्या स्वतःच्या अर्थ वायरला जोडा. सेन्सरचा सगळा कारभार ५ व्होल्टच्या आत चालतो. ० ते ३०० किलोपास्कलला ४ व्होल्टचा पल्ला असलेल्या सेन्सरमध्ये अर्थिंगमुळे ०.०५ व्होल्टचा फरक पडला तरी जवळपास पावणेचार किलोपास्कल, म्हणजे अर्धा पौंड, चुकतो. मल्टिमीटर घ्या, हेडलाइट, एसी आणि पंखा चालू करा, आणि सेन्सरची अर्थ वायर ते गेजची अर्थ वायर यांच्यातला व्होल्टेज बघा. काही मिलिव्होल्टच्या वर असेल तर आधी ते दुरुस्त करा.

पाण्याच्या नळीने गेज तपासणे

शून्य बरोबर आलं म्हणजे आठ पौंडांवरही गेज बरोबर असेलच असं नाही. तो वरच्या टप्प्यात तपासायला एक मोजमाप हवं ज्याच्याबद्दल शंकाच नाही. पाण्याच्या उंचीवर मी जेवढा विश्वास टाकतो तेवढा बाजारातल्या कुठल्याही स्वस्त गेजवर टाकत नाही. आपल्याकडच्या तापमानाला १ मीटर उभं पाणी ९.७५ किलोपास्कल, म्हणजे १.४१ पौंड दाब देतं. हे कुणी बदलू शकत नाही.

साहित्य घरगुती आहे. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाइप, सात मीटर. कोल्ड्रिंकची दोन लिटरची जाड बाटली, साध्या पाण्याची पातळ बाटली चालणार नाही. सायकलचा पंप, एक टी, थोडं एम-सील आणि मोजपट्टी. बाटलीच्या झाकणाला दोन भोकं पाडा. एकातून लेव्हल पाइप बाटलीच्या तळापर्यंत सोडा. दुसऱ्यात आखूड नळी बसवा, तिला टी लावून एका फाट्यावर पंप आणि दुसऱ्यावर तुमचा गेज किंवा सेन्सर. दोन्ही भोकं बाहेरून आणि आतून एम-सीलने बुजवून रात्रभर वाळू द्या. बाटली निम्मी रंगीत पाण्याने भरा, झाकण घट्ट बसवा, आणि पाइपचं दुसरं टोक गच्चीवर नेऊन उघडं ठेवा. पाइप भिंतीलगत सरळ उभा बांधा.

आता पंप हळूहळू मारा. बाटलीतली हवा दाबली जाते आणि रंगीत पाणी पाइपमधून वर चढायला लागतं. पाइपमध्ये मध्येच बुडबुडा अडकला असेल तर तो दिसेल, पाण्याच्या दोन तुकड्यांमध्ये रिकामी जागा. पंप सोडून पाणी खाली येऊ द्या, पाइपला बोटाने टिचक्या मारा आणि पुन्हा चढवा. बुडबुडा राहिला तर उंची खोटी. पाणी हव्या त्या उंचीवर आलं की मिनिटभर थांबा, कारण पंप मारताना तापलेली हवा थंड होताना पाणी थोडं खाली सरकतं. ते स्थिर झालं की उंची मोजायची ती बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाइपमधल्या पाण्याच्या पातळीपर्यंत. जमिनीपासून मोजायची नाही. एकाने गच्चीवरून, दुसऱ्याने खालून, फोनवर बोलत एकाच क्षणी दोन्ही नोंदी घ्या.

दीड मीटरला २.१ पौंड, तीन मीटरला ४.२ आणि सहा मीटरला साडेआठ पौंड यायला हवेत. दुमजली घराची गच्ची एवढ्याला पुरते. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा नोंदवा. यांत्रिक गेजचा काटा चढताना एक आणि उतरताना दुसराच आकडा दाखवत असेल तर काचेवर हलकी टिचकी मारून बघा, तरीही फरक राहिला तर तो गेज झिजलेला आहे. तिन्ही टप्प्यांवर चूक सारखीच येत असेल, समजा पाव पौंड कमी, तर गेज वापरा आणि पाव पौंड मिळवत जा. चूक दाबाबरोबर वाढत असेल तर त्याचा एक तक्ता करून गाडीतच ठेवा.

ज्यांच्या गाडीचा बूस्ट दहा-बारा पौंडांच्या वर आहे त्यांनी कॅलिब्रेशन लॅब गाठावी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना आपले गेज ठरावीक काळाने तपासून घ्यावेच लागतात, त्यामुळे एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबचा पत्ता तिथल्या कुठल्याही क्वालिटी विभागात मिळेल. तुलनेसाठी दुसरा गेज वापरत असाल तर त्याचा पल्ला बघा. १.६ क्लासचा गेज म्हणजे पूर्ण पल्ल्याच्या १.६ टक्के चूक मान्य. तो ० ते ७ बारचा असेल तर ही चूक ०.११ बार, दीड पौंडाहून जास्त. टायरची हवा बघायच्या गेजने बूस्ट गेज तपासणं यामुळेच निरर्थक ठरतं. ० ते २.५ बारचा, १ क्लासचा गेज घेतला तर चूक ०.०२५ बार, पौंडाच्या एक तृतीयांशाच्या आसपास.

प्रत्यक्ष मोजणी

बूस्ट पूर्ण भारावर येतो. उभ्या गाडीत रेस करून काही कळत नाही, कारण कमी भाराला बायपास उघडा असतो आणि ब्लोअर हवा नुसती फिरवत राहतो. म्हणून ही मोजणी डायनोवर (गाडी जागेवर धरून चाकांचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर करायची. डायनोसाठी पुण्याला जावं लागलं तरी जा. पुणे-बंगळूर महामार्गावर किंवा गगनबावडा रस्त्यावर ही चाचणी करू नका. उसाच्या हंगामात मागचे दिवे नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या कधी पुढ्यात येतील सांगता येत नाही, आणि तिसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत खेचलेली गाडी तेव्हा दीडशेच्या घरात असते.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. टाकीत नेहमीचंच पेट्रोल असू द्या. तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला गाडी स्थिर धरा, मग एक्सलेटर पूर्ण दाबा आणि रेडलाइनपर्यंत जाऊ द्या. ऑटोमॅटिकमध्ये गिअर हाताने अडकवा, नाहीतर किकडाऊन होऊन, म्हणजे गाडीने स्वतःच खालचा गिअर टाकून, नोंद वाया जाते. चालवणाऱ्याने गेजकडे बघायचंच नाही. ओबीडीची नोंद चालू ठेवा किंवा गेज आणि टॅकोमीटर दोन्ही दिसतील असा कॅमेरा लावा. दोन खेचींच्या मध्ये गाडी पाच मिनिटं हळू चालवून थंड करा. तीन खेची मिळत्याजुळत्या आल्या तर नोंद धरा. आकडे विखुरलेले असतील तर आधी कारण शोधा.

प्रत्येक नोंदीसोबत बाहेरचा दाब, मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान आणि आरपीएम लिहा. नुसतं ‘सात पौंड’ लिहिलं तर सहा महिन्यांनी त्याचा काही उपयोग राहत नाही.

आकडे कसे वाचायचे

आयडलला व्हॅक्यूम आधी बघा. पुस्तकात १८ ते २० इंच पारा लिहिलेलं असेल तर ते समुद्रसपाटीचं आहे. आपल्याकडे निरोगी इंजिन साधारण दोन इंच कमीच दाखवतं.

रूट्स किंवा स्क्रू पद्धतीचा ब्लोअर असेल तर बूस्ट लवकर येतो आणि वर जाताना जवळपास सपाट राहतो किंवा थोडा चढतो. सेंट्रिफ्यूगलचा आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो, म्हणजे ३००० ला जेमतेम असतो आणि सगळा जोर शेवटी येतो. एका प्रकारची अपेक्षा दुसऱ्यावर लादू नका.

बूस्ट व्यवस्थित चढला आणि वरच्या आरपीएमला अचानक घसरला, तर पट्टा सरकतोय. पुलीच्या खोबणीत चकाकी आणि काळी पावडर सापडेल. सगळ्याच आरपीएमला सारखाच कमी असेल तर बायपास पूर्ण मिटत नाही किंवा कुठेतरी मोठी गळती आहे. खाली ठीक आणि वर हळूहळू मागे पडत असेल तर ब्लोअरच्या आधीचा दाब मोजा. फिल्टर तुंबला असेल तर तिथे ओढ वाढते, आणि ब्लोअर ती ओढही गुणतो. आत ३ किलोपास्कल गमावले की १.६ पटीच्या गाडीत बाहेर जवळपास ५ कमी होतात. फौंड्रीच्या भागात रोज उभी राहणारी किंवा गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर फिरणारी गाडी असेल तर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरपर्यंत टिकेल असं धरू नका.

तापमानाची नोंद घ्यायला सांगितलं त्याचं कारण इथे आहे. मे महिन्यातल्या दुपारी, इंटरकूलर तापलेला असताना, मॅनिफोल्डमधली हवा गरम होऊन फुगते आणि बूस्ट जास्त दिसू शकतो, तर सिलिंडरमध्ये शिरणारी हवा प्रत्यक्षात कमी झालेली असते. गेज चढलेला आणि गाडी मरगळलेली, अशी तक्रार उन्हाळ्यात आली तर आधी इंटरकूलरच्या पाण्याचा पंप चालतोय का ते बघा. याच्या उलट, एक्झॉस्ट मोकळा केल्यावर बूस्ट थोडा उतरला तर घाबरू नका. इंजिन हवा जास्त सहज घेतंय, म्हणून ती मॅनिफोल्डमध्ये साचत नाही.

गळतीचा संशय असेल तर ती इंजिन बंद ठेवून शोधता येते. एअर फिल्टरचा पाइप काढून तिथे आटे पाडलेलं बुच बसवा, थ्रॉटल ब्लोअरच्या आधी असलेल्या इंजिनात थ्रॉटल उघडं राहील याची सोय करा, आणि कॉम्प्रेसरच्या रेग्युलेटरमधून जास्तीत जास्त अर्धा बार हवा सोडा. याच्या वर गेलात तर क्रँककेसमध्ये दाब जाऊन ऑइल सील फुटू शकते, म्हणून तेलाचं झाकण उघडून ठेवा आणि तिथून हवा किती येते तेही बघा. मग साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा: इंटरकूलरच्या कडा, बायपासचा दांडा, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही स्वतः गेजसाठी लावलेली टी.